लिंबू कोणी सांगितलं?

आखातात, रास अल खैमामधल्या एका भारतीय शाळेत मृणालिनी पारसनीस अकरावीला इंग्रजी शिकवायची. तिथे वाचनाची परीक्षा होई, लिखाणाची होई, पण लिसनिंगचे गुण मात्र वर्षानुवर्षं अंदाजाने दिले जात. तासाला जो शांत बसतो त्याला नीट ऐकू येतं, असं धरून चालायचं. त्यामुळे शेवटच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या अर्शला भरपूर गुण मिळत आणि सारखे प्रश्न विचारणाऱ्या शाहबाजला कमी.

या मे महिन्यात प्राचार्या मनोरमा मॅडमनी हे बंद केलं. मॅडम मूळच्या त्रिशूरच्या. आवाज अगदी हळू, पण त्या एकदा बोलल्या की विषय खलास. "यंदा पेपर दोन भागांत," त्या म्हणाल्या. "आधी रेकॉर्डिंग ऐकून उत्तरं, मग उतारा वाचून उत्तरं. दोन्हीचे गुण वेगळे. कोणाला काय समजतं ते मला बघायचंय."

मृणालिनीने इंटरनेटवरचं एक तयार रेकॉर्डिंग वर्गात लावून पाहिलं. त्यात एक इंग्रज गृहस्थ आपल्या बागेविषयी तोंडातल्या तोंडात बोलत होते. ते संपलं. मग अर्शने विचारलं, "मॅम, इंग्लिश कब शुरू होगा?"

तेव्हा तिने ठरवलं, मजकूर आपणच लिहायचा. प्रश्न आवाजाचा होता. वर्गातल्या मुलांना ओळखीचा नसलेला, स्वच्छ, खणखणीत आवाज हवा. रात्रीच्या जेवणात ती हे सहज बोलून गेली आणि समोर बसलेल्या शैलेंद्रने हातातली पोळी खाली ठेवली.

शैलेंद्र, म्हणजे तिचा नवरा, टाइल्सच्या फॅक्टरीत क्वालिटी मॅनेजर होता. पण त्याचं खरं नाव होतं ते महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत. सूत्रसंचालन त्याच्याकडे असे. त्याने करून दिलेली पाहुण्यांची ओळख बऱ्याचदा पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब व्हायची, आणि काही पाहुणे म्हणत, की त्यांना स्वतःविषयी पुष्कळ नवीन कळलं.

"माझा आवाज काय वाईट आहे?" त्याने विचारलं.

"वाईट नाही," मृणालिनी म्हणाली. "पण जे लिहिलंय तेच वाचायचं हं."

"म्हणजे काय! मी प्रोफेशनल माणूस आहे."

त्यांची मुलगी शुभ्रा त्याच वर्गात होती. अकरावीची शाळेत एकच तुकडी, त्याला इलाज नव्हता. म्हणून शुक्रवारी दुपारी तिला मैत्रिणीकडे, काव्याकडे, पाठवून दिलं आणि रेकॉर्डिंग उरकायचं ठरलं. एसीची घरघर येऊ नये म्हणून एसी बंद, आवाज घुमू नये म्हणून शैलेंद्र बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटात, रजया आणि लग्नाच्या साड्यांच्या मधोमध. बाहेर त्रेचाळीस डिग्री. मृणालिनी थोडा वेळ दाराला कान लावून उभी राहिली, मग कुकरची शिट्टी झाली तशी स्वयंपाकघरात गेली.

शैलेंद्र बाहेर आला तो घामाने निथळत. "वन टेक!" तो म्हणाला. "एकाच दमात!"

तिने रेकॉर्डिंग लावलं. आवाज खरोखर छान आला होता. अर्धं मिनिट ऐकून तिने ते बंद केलं आणि पेन ड्राइव्हवर घेतलं. पुढचं ऐकायचं राहिलं. शैलेंद्रचं पहिलं अर्धं मिनिट ऐकलं की पुढचं आपल्याला कळलंच, अशी सवय तिला संसारात कधीच लागून गेली होती.

मजकूर सोपा होता. जबल जैसच्या सहलीची सूचना. मुलांनी दोन नंबरच्या गेटवर साडेचारला जमायचं, बरोबर पाणी आणि जॅकेट आणायचं, डोंगरावर गार वारा असतो, वगैरे. त्यावर प्रश्न. परीक्षेच्या दिवशी, स्वतःची मुलगी वर्गात म्हणून, मृणालिनी वर्गाबाहेर राहिली. कॉम्प्युटरच्या सरांनी रेकॉर्डिंग लावलं, मग वाचनाचा उतारा वाटला, पेपर गोळा करून तिच्या टेबलावर आणून ठेवले.

तिने वाचनाचा भाग आधी तपासला. जसे गुण पडायचे तसे पडले होते. मग लिसनिंग. सहलीला काय काय आणायचं? पहिल्या पेपरात लिहिलं होतं, पाणी, जॅकेट आणि लिंबू.

मृणालिनीने चष्मा पुसला. दुसऱ्या पेपरातही लिंबू. तिसऱ्या पेपरात नुसतंच लिंबू. शाहबाजने तर कारणासकट लिहिलं होतं, लिंबू, उलटीसाठी. आणि किती वाजता जमायचं, तर या सगळ्यांचं एकमुखाने चार वाजता.

सगळा गठ्ठा चाळल्यावर एकच पेपर वेगळा निघाला. साडेचार वाजता. पाणी आणि जॅकेट. नाव बघायची गरजच नव्हती, अक्षर शुभ्राचं होतं. अख्ख्या वर्गाने कॉपी केली आणि आपली मुलगी तेवढी त्यात नाही, या विचाराने मृणालिनीला क्षणभर बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने पेपर वाटले आणि वर्गाला फैलावर घेतलं. कॉपी करायची तर निदान अक्कल लावून करा, म्हणाली. एकाने काहीतरी वेडगळ लिहिलं, की बाकीच्यांनी डोळे मिटून तेच उतरवायचं? "हे लिंबू कोणाचं? हू स्टार्टेड द लेमन?"

अर्शने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"मॅम, सरने बोला था."

"कोण सर?"

"रेकॉर्डिंगवाले सर."

"अजिबात शक्य नाही," मृणालिनी म्हणाली आणि सगळ्यांना खोटं पाडण्यासाठी तिने तिथल्या तिथे रेकॉर्डिंग लावलं.

वर्गाच्या स्पीकरमधून शैलेंद्रचा आवाज घुमला. अर्धं मिनिट सगळं शिस्तीत चाललं. साडेचार वाजता दोन नंबरच्या गेटवर जमायचं, इथपर्यंत आला. मग त्याने नाकाने एक दीर्घ श्वास घेतलेला ऐकू आला.

"व्हिच मीन्स, माय डिअर स्टुडंट्स, बी देअर बाय फोर शार्प. ट्रॅफिक इज ट्रॅफिक."

मृणालिनीने टेबलाची कड धरली. आवाज पाणी आणि जॅकेटपर्यंत पोचला. पुन्हा तो श्वास.

"अँड वन लेमन. ऑन घाट रोड, व्हॉमिटिंग इज ऑल्वेज पॉसिबल."

वर्ग फुटला. कोणी बाकावर डोकं आपटत होतं, कोणी "घाट रोड, घाट रोड" म्हणत होतं. हे सर म्हणजे मॅमचे मिस्टर, हे अजून कोणाला माहीत नव्हतं. ज्या एका मुलीला माहीत होतं तिने मान खाली घातली होती.

"म्हणजे आम्ही सगळे बरोबर?" शाहबाजने विचारलं.

"हो. तुम्ही बरोबर. सॉरी."

"मग शुभ्रा चूक?"

हसणं हळूहळू थांबलं. शुभ्राच्या पेपरावर त्या दोन्ही उत्तरांपुढे बरोबरची खूण होती, आणि शेजारच्या मुलीने ती पाहिली होती.

"लेमन तर सगळ्यांना ऐकू आलं," शाहबाज म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. "हिलाच कसं नाही आलं? आणि हिचं उत्तर मॅमच्या कागदावरच्या उत्तराशी कसं जुळलं?"

संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंबाची चित्रं फिरू लागली. शाहबाजचे वडील, याकूबभाई, मूळचे हैदराबादचे, इथे गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचा धंदा. त्यांनी चित्र पाठवलं नाही, सरळ फोन केला. "मॅडम, बच्ची आपकी है, तो हमारी भी है," ते अदबीने म्हणाले. "लेकिन पेपर आपका, पता चला आवाज आपके साहब की, और सही जवाब भी आप ही के घर में. थोडा अजीब लगता है ना?"

मृणालिनीने फोन ठेवला. पेपर घरच्या लॅपटॉपवर होता. लॅपटॉपचा पासवर्ड शुभ्राची जन्मतारीख.

ती शुभ्राच्या खोलीत गेली. "शुभ्रा, तू लॅपटॉप उघडला होतास का ग?"

शुभ्राने कानातले इअरफोन काढले. "यू थिंक आय चीटेड?"

"मी तसं म्हटलं नाही. फक्त विचारतेय."

"दॅट्स द सेम थिंग, आई." तिने इअरफोन परत घातले.

बाहेर शैलेंद्र वेगळ्याच दुःखात होता. "पण लिंबू चूक आहे का, ते मला सांग," तो म्हणाला. "मागच्या वर्षी जबल जैसच्या तिसऱ्या वळणावर तुलाच—"

"शैलेंद्र!"

"मी आपलं पोरांच्या भल्यासाठी..."

दुसऱ्या दिवशी मनोरमा मॅडमनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. याकूबभाई इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले होते. शैलेंद्र फॅक्टरीतून तसाच, गळ्यात आयकार्ड लटकवून. मृणालिनी भिंतीपाशी बसली. शुभ्रा उभी होती.

मॅडमनी तिला एवढंच विचारलं, की तू लिंबू का लिहिलं नाहीस.

"बिकॉज इट वॉज बाबा," शुभ्रा म्हणाली.

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. इंग्रजीत, मध्येच मराठीत, अधूनमधून हिंदीत, याकूबभाईंसाठी. रेकॉर्डिंग सुरू झाल्या झाल्या तिने आवाज ओळखला होता. बाबांचं बोलणं कसं असतं, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. ते आधी एक गोष्ट सांगतात, ती खरी. मग नाकाने श्वास घेतात. त्यानंतर जे येतं ते आपल्या भल्यासाठी असतं. "दॅट पार्ट आय डोन्ट काउंट," ती म्हणाली. "साडेचारला निघायचं असलं की बाबा चार सांगतात. ऑल्वेज. आईसुद्धा मनात अर्धा तास वाढवूनच तयार होते."

मृणालिनीने खिडकीबाहेर पाहिलं. हे खरं होतं.

शैलेंद्रचं तोंड उघडं राहिलं. "मी जे सांगतो त्यातलं तू..."

"बाबा, नॉट नाऊ."

याकूबभाई दाढी कुरवाळत होते. "बेटा, बात मीठी है," ते म्हणाले. "मगर बात तो बात है."

मॅडमनी समोरच्या कागदांतला एक उचलला आणि शैलेंद्रपुढे धरला. उद्या निघणारी सूचना होती, अजून कोणी पाहिलेली नव्हती. "मिस्टर पारसनीस, हे मोठ्याने वाचा. जसं आहे तसं." मग शुभ्राकडे वळून म्हणाल्या, "तू खिडकीकडे तोंड कर. वाचून झालं, की यात काय लिहिलंय ते मला सांग."

शैलेंद्रने घसा खाकरला. आज आपल्या हातात मुलीची अब्रू आहे, हे त्याला पुरतं कळलं होतं. कसं वाचलं म्हणजे तिची सुटका होईल, हे मात्र कळत नव्हतं, म्हणून त्याने प्रामाणिकपणे, जसंच्या तसं वाचायचं ठरवलं. सोमवारपासून कॅन्टीन दुरुस्तीसाठी बंद राहील, हे पहिलं वाक्य त्याने सुखरूप पार केलं. मुलांनी घरून डबा आणावा, इथे तो थांबला. कपाळावर घाम आला. ओठ मिटलेले होते, पण नाकपुड्या फुलल्या.

"प्रेफरेबली चपाती," तो म्हणाला. "इन धिस हीट, राइस गोज सॉर."

याकूबभाईंनी मान वर केली. शैलेंद्रने स्वतःला सावरून पुढचं वाक्य घेतलं. काचेच्या बाटल्या आणू नयेत. आणि मग राहवेना. "अँड ईव्हन इन स्टील बॉटल, प्लीज चेक द लिड. बॅग भिजते. बुक्स भिजतात."

मॅडमनी कागद परत घेतला.

"कॅन्टीन सोमवारपासून बंद, डबा आणायचा, काचेची बाटली नाही," शुभ्रा खिडकीकडे बघतच म्हणाली. "चपाती इज बाबा. राइस इज बाबा. लिड इज टोटली बाबा."

मॅडमनी कागदावरून नजर फिरवली आणि तो याकूबभाईंकडे सरकवला. त्यांनी तो बोट फिरवत वाचला आणि मग त्यांना हसू फुटलं ते थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. "माशाल्ला! माशाल्ला!" त्यांनी शैलेंद्रच्या पाठीवर थाप मारली. "हबीबी, खुशनसीब हो. मेरे शाहबाज को तो इतना भी पता नहीं चलता कि मैं बोल रहा हूँ."

निकाल मात्र मॅडमनी त्यांच्या पद्धतीने दिला. अख्खा लिसनिंगचा भाग रद्द, पुन्हा परीक्षा.

"पण माझं बरोबर होतं," शुभ्रा म्हणाली.

"तुझं बरोबर होतं, कारण तू माणूस ओळखतेस," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला फक्त इंग्रजी तपासायचं आहे. तेवढं आम्हाला जमू दे." मग त्या त्याच हळू आवाजात मृणालिनीकडे वळल्या. "मॅडम, परीक्षेआधी तुम्ही रेकॉर्डिंग ऐकलं होतं ना?"

"पहिलं अर्धं मिनिट," मृणालिनी म्हणाली. जमिनीवरच्या टाइल्स कोणत्या फॅक्टरीच्या आहेत, ते ती त्या वेळी फार बारकाईने बघत होती.

संध्याकाळी ती शुभ्राच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसली. "मी आधी ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. "रेकॉर्डिंगसुद्धा. आणि तुझंसुद्धा."

"इट्स ओके, मॅम."

घरात मॅम म्हणजे जरा जास्तच झालं होतं. मृणालिनी उठली नाही, तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने उशीतून आवाज आला, "व्हॉमिटिंग इज ऑल्वेज पॉसिबल," आणि मग दोघी इतक्या हसल्या, की शैलेंद्रने बाहेरून काय झालं म्हणून विचारलं आणि त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

पुढच्या परीक्षेसाठी मृणालिनी दुसरा आवाज शोधणार होती. पण वर्गाने लेखी अर्ज दिला, की आम्हाला लेमन सरच हवेत, त्यांचा प्रत्येक शब्द समजतो. शैलेंद्रने त्या अर्जाचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

या वेळी कपाटात दोघं शिरली. एसी बंद, पोटाला रजई, नाकाशी नॅप्थलीनच्या गोळ्या. शैलेंद्र वाचत होता आणि मृणालिनीचा हात त्याच्या दंडावर होता. नाकाने श्वास ऐकू आला, की ती चिमटा काढायची. मोत्यांची शेती बघायला बोटीतून जायचं, असा मजकूर होता. तो संपेपर्यंत शैलेंद्रचा दंड लाल झाला होता, पण एक शब्द जास्तीचा गेला नाही. मृणालिनीने ते रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग पुन्हा एकदा ऐकलं.

निकाल चांगला लागला. अर्शला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तो डुलक्या घेताना डोळे मिटतो, कान नाही, हे इतक्या वर्षांनी शाळेला कळलं. शाहबाजही चांगला पास झाला. शुभ्राचं एकच उत्तर चुकलं. बोटीवर जाताना काय आणायचं, या प्रश्नाला सगळ्यांनी मोज्यांचा जादा जोड लिहिला होता. तिने तो गाळला होता.

"सॉक्स!" ती घरी येऊन ओरडली. "सॉक्स इज सो बाबा!"

"ते छापलेलं होतं," शैलेंद्र म्हणाला. त्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. "तुझ्या आईने लिहिलेलं. मी एक अक्षर घातलं नाही. दंड बघ माझा."

त्या शुक्रवारी दुपार कलल्यावर तिघं गाडी घेऊन खाडीकाठच्या कॉर्निशला गेली. नेहमीच्या कॅफेटेरियासमोर गाडी लावली, करक चहा सांगितला. खाडीचं पाणी उन्हाने पांढरं दिसत होतं. शैलेंद्र स्टीअरिंगवर बोटं वाजवत होता. ऑफिसातल्या त्या दिवसापासून एक गोष्ट त्याच्या मनात घोळत होती.

"शुभ्रा," तो आरशात बघून म्हणाला, "बारावीनंतर पुण्याचं मी तुला इतके दिवस सांगतोय. कॉलेज चांगलं, होस्टेल चांगलं, आत्या जवळ, हवा चांगली. त्यातलं तू काय धरलंस?"

शुभ्रा मागच्या सीटवर फोनशी खेळत होती. तिने फोन उलटा ठेवला. "खरं सांगू?"

"सांग."

"यू डोन्ट वॉन्ट मी टू गो."

मृणालिनीने शैलेंद्रकडे पाहिलं. तो समोर बघत होता. नाही म्हणाला नाही.

"आणि तुला?" त्याने विचारलं.

"मला जायचंय, बाबा."

कॅफेटेरियाचा माणूस चहा घेऊन आला. शैलेंद्रने काच खाली केली, पेले आत घेतले, एक मागे दिला.

"जा," तो म्हणाला.

शुभ्रा थांबली. मृणालिनीही थांबली. पुढे काहीच आलं नाही. गाडीत एसीचा तेवढा आवाज होता आणि त्या एका शब्दावर शैलेंद्र तसाच बसून राहिला होता, पेला हातात धरून, न पिता.

शुभ्राला ते सोसेना. ती पुढे सरकली आणि दोन्ही सीटच्या मधून तिने डोकं पुढे काढलं.

"स्वेटर न्यावा लागेल का, बाबा?"

शैलेंद्रने नाकाने एक दीर्घ श्वास घेतला. "स्वेटर एक नाही, दोन," तो म्हणाला. "आणि तिकडचं पाणी पहिले पंधरा दिवस उकळूनच प्यायचं. रिक्षात बसताना नंबरचा फोटो काढायचा. आत्याकडे रविवारी जायचं, पण जेवायच्या वेळेला नाही, आधी जायचं, म्हणजे मदत होते..."

मृणालिनीने चहाचा घोट घेतला, सीट थोडी मागे केली आणि सगळं ऐकलं.